पन्नास रुपयांत मोकळे

भटक्या कुत्र्यांवरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश पाठोपाठ आले आणि घराघरात दोन तट पडले. ११ ऑगस्टचा आदेश होता: दिल्ली आणि परिसरातली कुत्री उचला, निवाऱ्यांत ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला. निर्बीजीकरण करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा. फक्त रेबीजची किंवा रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, असं त्यात म्हटलं होतं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांसाठी वेगळा, अधिक कडक आदेश आला. या धुरळ्यात २२ ऑगस्टच्या आदेशातला एक परिच्छेद फारसा कुणी वाचला नाही. ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्यानं महापालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून ते त्याच्या हवाली केलं जाईल, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असा तो परिच्छेद.

मला तो वाचून बरं वाटलं. प्राण्यांबद्दल बोलताना आपल्याकडे ‘दया करा’ एवढंच सांगायची पद्धत आहे. इथं निदान घेणाऱ्याचं नाव कागदावर लिहून घेतलं जातंय. पण मग प्रश्न पडला, की ही अट फक्त त्यालाच का? जो माणूस खरूज झालेलं, लंगडणारं पिल्लू उचलून घरी नेतो, त्यानं लिहून द्यायचं. आणि जो तीस-चाळीस हजार मोजून हस्की आणतो, वर्षभरानं कंटाळतो आणि गाडीत घालून घाटात सोडून येतो, त्याचं काय?

त्याच्यासाठी १९६० चा कायदा आहे, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या ११ व्या कलमात, प्राण्याला भुकेनं किंवा तहानेनं यातना होतील अशा परिस्थितीत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या वेळी दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपयांना वजन होतं. आज हस्की घाटात सोडून परतताना माणूस टोलनाक्यावर याहून जास्त पैसे देतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं हा कायदा बदलण्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला, सूचना मागवल्या; दंडाचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सध्याच्या उत्साहाच्या थोडं उलट आहे. कुत्रं घेणं सोपं व्हावं म्हणून सगळे धडपडतात. शिबिरं भरतात, फोटो फिरतात, ‘आजच घरी न्या’ असे संदेश येतात. मला वाटतं, घेणं थोडं अवघड झालं तरी चालेल. आधी सोडणं अवघड झालं पाहिजे.

सोडण्याची आपल्याकडे एक रीत आहे आणि ती मोठी सभ्य आहे. कुणी ‘सोडला’ म्हणत नाही. ‘शेतावर दिला’, ‘गावाकडे पाठवला, तिथं मोकळं हिंडायला मिळतं, मजेत आहे’ असं म्हणतात. मुलांनाही तेच सांगतात. कधी कधी ते खरंही असतं, नाही असं नाही. पण चार वर्षं फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, वाटीतलं खाऊन वाढलेलं लॅब्राडोर शेतावर गेलं म्हणजे काय होतं, याचा विचार कमी लोक करतात. तिथं आधीची कुत्री असतात. त्यांची हद्द ठरलेली असते आणि हे नवं जनावर त्यांच्या दृष्टीनं घुसखोर. रात्री ते पडवीत नाहीतर गोठ्याबाहेर बांधलेलं असतं. जुन्नर, अकोले या पट्ट्यात शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे तिथल्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. गावठी कुत्र्याला बिबट्याचा वास कळतो, ते आधीच ओरडतं, आडोसा गाठतं. शहरातून आलेल्याला हे शिकवलेलं नसतं. ‘मजेत आहे’ हे वाक्य पुण्यातल्या दिवाणखान्यात उच्चारलं जातं त्या वेळी ते कुत्रं मजेत असेलच, याची खातरजमा करायला पुन्हा शेतावर गेलेले लोक मला फारसे भेटलेले नाहीत.

सोडण्याची कारणं ऐकली तर त्यांत क्रौर्य क्वचितच असतं. घरात बाळ येणार. बदली झाली. नवा घरमालक कुत्र्याला नाही म्हणतो. केस फार गळतात. आईला दमा निघाला. भुंकतं म्हणून शेजारी तक्रार करतात. मार्च २०२० मध्ये तर पाळीव प्राण्यांमुळे करोना पसरतो अशी अफवा उठली आणि लोकांनी कुत्री रस्त्यावर आणून सोडली. भारतीय प्राणी कल्याण मंडळाला खुलासा काढावा लागला. पुढच्या काही महिन्यांत घरात बसून कंटाळलेल्यांनी कुत्री आणली, आणि ऑफिसं उघडल्यावर त्यांतली बरीच पुन्हा कुणाला तरी ‘द्यायची’ झाली.

यातलं बहुतेक कारण आधी कळण्यासारखं असतं. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. म्हणजे मुलगी पाचवीत असताना आणलेलं पिल्लू ती नोकरीला लागेपर्यंत घरात असणार. मधे तिची दहावी आहे, बारावी आहे, कदाचित परगावचं हॉस्टेल आहे. मराठी मध्यमवर्गात हा हिशोब हमखास चुकतो तो एका जागी. मुलगा हट्ट करून कुत्रं आणतो, दोन वर्षांनी एमएसला अमेरिकेला किंवा जर्मनीला जातो, आणि तीस किलोचा रिट्रीव्हर सत्तरीच्या आई-बाबांच्या गळ्यात पडतो. व्हिडिओ कॉलवर तो त्याला ‘हाय बच्चा’ म्हणतो. रोज सकाळी साडेपाचला त्याच्या पट्ट्याबरोबर ओढले जातात ते बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला अशा कुत्र्यानं मांजराच्या मागे धावताना आडवं पाडलं, तर दोष कुत्र्याचा नाही आणि बाबांचा तर नाहीच नाही. प्राणी पाळण्याचा निर्णय ज्यानं घ्यायचा त्यानं पुढची बारा वर्षं आपण कुठं असणार आहोत याचं निदान अंदाजपत्रक मांडावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता विक्रीकडे येऊ, कारण सोडण्याची सुरुवात तिथं होते. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटमधले पिंजरे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. आज बाजार फोनवर आला आहे. ‘४५ दिवसांची पिल्लं, हेल्दी, हेवी बोन, होम डिलिव्हरी’ अशा जाहिराती रोज दिसतात. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ४५ दिवसांचा उल्लेख हाच नियमभंगाचा कबुलीजबाब, आणि तो उघड छापलेला असतो. त्याच नियमांत पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीण घ्यायची नाही, आठ वर्षांनंतर घ्यायची नाही, आयुष्यात पाचाहून जास्त वेळा नाही. विकत घेताना किती जण विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक विचारतात? विचारतात ते केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर आहेत का एवढंच. ते पेपर वंशावळीचे असतात. पैदाशीच्या परवान्याशी त्यांचा संबंध नाही. आई कुठं आहे, तिला बघता येईल का, हा प्रश्न विचारला की निम्मे विक्रेते फोन ठेवतात. त्या आईचं पुढं काय होतं हेही सांगायला हवं. तिचे दिवस भरले, म्हणजे वेत देणं थांबलं, की तीही रस्त्यावर येते. लोंबलेले सड, झिजलेले दात आणि माणसाचा हात उगारलेला दिसला की जमिनीला चिकटणारं अंग, अशी जातिवंत कुत्री निवाऱ्यात येतात ती बहुधा याच कारखान्यांतून.

जातींचं वेड हा आणखी एक प्रकार. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि देशभर पग झाले. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला आपल्या मे महिन्यात श्वास घेणंच कष्टाचं जातं. हस्की हे बर्फावरची घसरगाडी ओढणारं जनावर, अंगावर केसांचे दोन थर. ते नागपुरात, जिथं पारा ४५ च्या घरात जातो. एसी चालू ठेवतो, असं मालक सांगतात. वीज गेली की मग काय, हे महावितरणला विचारावं लागेल.

याचा अर्थ विकत घेणारा प्रत्येक जण पापी असा नाही, आणि इथं माझं आमच्यातल्याच काही प्राणिप्रेमींशी वाजतं. ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ ही घोषणा योग्य आहे, पण तिचा वापर हल्ली दुसऱ्याला खाली बघायला लावण्यासाठी होतो. नोंदणीकृत पैदासकाराकडून कुत्रं घेऊन ते तेरा वर्षं सांभाळणारा माणूस, दत्तक घेऊन चौथ्या दिवशी ‘जमत नाहीये’ म्हणून परत आणणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा. कुत्र्याला आपण कुठून आलो याच्याशी घेणं नसतं. त्याला कळतं ते एवढंच, की काल जे घर होतं ते आज नाही.

चौथ्या दिवसाचं म्हटलं ते उगाच नाही. दत्तक दिलेली काही कुत्री पहिल्या आठवड्यातच परत येतात. निवाऱ्यात नाचणारं, अंगावर उड्या मारणारं कुत्रं नव्या घरात येऊन पलंगाखाली जाऊन बसतं. खात नाही. सोफ्यावर मुततं. रात्री विव्हळतं. मालकाला वाटतं, फसवलं आपल्याला. या क्षेत्रात वावरणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घरचे नियम कळायला, तीन महिने ते आपलं घर आहे असं वाटायला. ठोकताळाच तो, प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. पण सासरी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी पुरणपोळी करायला सांगणारी सासू आणि पहिल्याच दिवशी पाहुण्यांसमोर ‘शेक हँड’ करायला लावणारा मालक यांच्यात मला फरक दिसत नाही.

म्हणूनच दत्तक देणाऱ्या संस्था चौकशी करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूचा आहे. या चौकशीची तक्रार फार ऐकू येते. ‘रस्त्यावरचं फुकटचं कुत्रं द्यायला यांना आमचं भाडेपत्र कशाला बघायचंय? घरी येऊन काय बघणार?’ बघणार हे, की घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, की एकट्या मुलीचा हट्ट आहे. दिवसा घरात कुणी असतं का. गच्चीत बांधून ठेवायला राखणदार हवाय का. आणि कधी कधी ‘नाही’ म्हणणार. त्या नकारानं माणसाचा अपमान होतो खरा. पण फ्रान्ससारख्या देशात तर हे कायद्यानंच केलं आहे. २०२२ पासून तिथं कुत्रं किंवा मांजर घेणाऱ्याला आधी एका जबाबदारीपत्रावर सही करावी लागते आणि त्यानंतर सात दिवस थांबावं लागतं. मगच प्राणी ताब्यात मिळतो. २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकायलाही तिथं बंदी आहे. सात दिवस हा काळ फार नाही. वाढदिवसाला सरप्राइज म्हणून टोपलीत रिबिन बांधून पिल्लू देण्याची हौस मात्र त्यात आपोआप मरते, आणि मेलेलीच बरी.

दत्तक घेण्याबद्दल एक भाबडी समजूत आहे, की प्रत्येक घरानं एक कुत्रं घेतलं तर रस्ते मोकळे होतील. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. एवढी घरं मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी रस्त्यावर वाढलेल्या पाच वर्षांच्या कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके ही शिक्षाच वाटेल. त्याचं निर्बीजीकरण झालेलं असेल, कानाला खूण असेल, लस दिलेली असेल, तर त्याला त्याच्या गल्लीत राहू द्यावं. ते तिथं असलं की लस न दिलेलं परकं कुत्रं सहसा आत येत नाही. २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम या तर्कावर उभे आहेत. घर हवं असतं ते पिल्लांना, अपघातात पाय गेलेल्यांना, आणि सगळ्यांत आधी घरातून हाकललेल्यांना, कारण रस्त्यावर जगायचं कसं हे त्यांना ठाऊकच नसतं.

मारून प्रश्न सुटत नाही हे तर मुंबईला दोनशे वर्षांपासून माहीत असायला हवं. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी बक्षीस लावून मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशांनी रस्त्यावर उतरून दंगल केली, बाजार बंद पाडले, किल्ल्यातल्या गोऱ्यांची रसद अडवली. पुढं शतकभराहून अधिक काळ महापालिका कुत्री मारतच राहिली, शेवटी शेवटी विजेचे धक्के देऊन. हजारोंनी मारूनही नव्वदच्या दशकात कुत्री होतीच. कचराकुंडी होती, खाटीकखान्याबाहेरचा ढीग होता, आणि वर्षातून दोनदा वेत देऊ शकणाऱ्या माद्या होत्या.

आणि या माद्यांपर्यंत पोचणारे नर सगळे रस्त्यावरचेच असतात का? इथं पाळणाऱ्यांनी आपल्याकडे बघायला हवं. बंगल्यातलं कुत्रं रात्री ‘मोकळं’ सोडायची रीत तालुक्याच्या गावात अजून आहे. वाड्या-वस्त्यांवर तर कुत्रं अर्धं मालकाचं आणि अर्धं गावाचं असतं. ते कुणाच्या नावावर नसतं, पण भाकरी एका घरची ठरलेली असते. घरच्या मादीची पिल्लं झाली की त्यांतले नर वाटले जातात आणि माद्या पोत्यात घालून नदीकाठी, बाजारतळावर, देवळापाशी सोडल्या जातात. देवळापाशी सोडलं म्हणजे पाप लागत नाही, अशी समजूत असावी. निर्बीजीकरणाला विरोध करणारे सुशिक्षितही कमी नाहीत. ‘एकदा तरी आई होऊ दे तिला’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीत रोज ऐकू येतं. कुत्रीला मातृत्वाची ओढ असते ती आपल्या मनात. तिच्या शरीरात, ऑपरेशन न केल्यास, उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो.

दया आपल्याकडे कमी नाही. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, कुत्र्यानं भाकरी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबत कुत्रं असतं. संध्याकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन निघणारी माणसं प्रत्येक उपनगरात आहेत. त्यांना माझा नमस्कार, आणि एक विनंती: पुड्याच्या पैशातून महिन्याला एक निर्बीजीकरण होतं का बघा. खायला घालायचं आणि वेत वाढू द्यायचं, ही दया दर सहा महिन्यांनी नव्या पिल्लांच्या रूपानं गाड्यांखाली येते.

पाळण्याच्या बाबतीत दयेपेक्षा माहितीची उणीव जास्त आहे. ‘गावठीला काही होत नाही, काटक असतं’ हा सर्वांत घातक गैरसमज. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे आजार गावठी पिल्लांनाही तितकेच होतात. रक्ताचे जुलाब सुरू झाले की लहान पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं. सहा-आठ आठवड्यांपासून लसींचं वेळापत्रक, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं दरवर्षी. पावसाळ्यात लेप्टोचा धोका, बारा महिने गोचीड. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रं नुसतं मलूल दिसतं, दोन दिवस खात नाही, आणि तपासणी होईपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स तळाला गेलेल्या असतात. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. पुण्या-मुंबईत मध्यम आकाराचं कुत्रं नीट सांभाळायचं तर महिन्याला काही हजार धरूनच चालावं, आजारपण वेगळं. नुसतं दूध-पोळी घालून ते भागत नाही, ना खर्च, ना कुत्रं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट हे त्याच्यासाठी विष आहे, हे घरातल्या आजीलाही सांगून ठेवावं लागतं, कारण प्रेमानं शिरा भरवणारी तीच असते.

१९६० च्या त्या कायद्यात एक तरतूद आहे जी मला फार आवडते. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं व्यायाम दिला नाही, तर तो गुन्हा. आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधणं हाही गुन्हा. पासष्ट वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं होतं, याचं आश्चर्य वाटतं. आज उपनगरांतल्या बंगल्यांच्या पुढं ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आणि तिच्यामागं चार फुटांच्या साखळीत दिवसभर गोल फिरणारं जर्मन शेफर्ड, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे, की त्यात कायदा मोडतोय हे कुणाच्या मनात येत नाही. असं कुत्रं भुंकतं, अंगावर येतं, कधी सुटलं तर चावतं, आणि मग जातीला दोष दिला जातो.

चावण्याचा विषय टाळून हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. कुत्र्यांना भिणारी माणसं क्रूर नसतात. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडून येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य असतं. त्यात मुलं मोठ्या संख्येनं असतात. ज्या आईच्या मुलाला शाळेच्या वाटेवर कुत्र्यानं फाडलं, तिला प्राणिहक्कांचं व्याख्यान देणाऱ्यांची मला लाज वाटते. पण यावर उपाय काय, याचं उत्तर आपल्या शेजारी आहे. गोव्यात २०१४ पासून सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी मिळून गावोगाव, वाड्यावाड्यांत जाळी घेऊन कुत्री पकडली, लस दिली, खूण केली, नोंद ठेवली, शाळांत मुलांना शिकवलं; सत्तर टक्के कुत्र्यांना लस हे उद्दिष्ट. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. त्या मोहिमेनं रस्त्यावरच्या कुत्र्याला जशी लस दिली तशी पडवीतल्या, मालक असलेल्या कुत्र्यालाही दिली. पाळीव म्हणून सूट नव्हती.

पाळणाऱ्यांना सूट देण्याची सवय मोडायला हवी, सोसायट्यांतली भांडणं बघूनही हेच वाटतं. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सोसायटीला ठराव करून कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळे पैसे लावता येत नाहीत. हे परिपत्रक कुत्रेवाल्यांना पाठ असतं. त्याच परिपत्रकात मालकांनी स्वच्छता राखावी, लस द्यावी, निर्बीजीकरण करावं, असंही सांगितलं आहे. ते पान सहसा फॉरवर्ड होत नाही. सकाळी खिशात हात घालून, कुत्र्याची घाण दुसऱ्याच्या फाटकासमोर तशीच टाकून पुढं जाणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनात भटक्या कुत्र्यांविषयी किती राग साठवतो, याची त्याला कल्पना नसते. कुत्रं दुसऱ्याला इजा करेल इतकं निष्काळजीपणे ठेवलं तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे आपलं कुत्रं दुसऱ्याला चावलं तर पाच हजार, आणि आपणच त्याला उपाशी सोडून दिलं तर पन्नास.

यावर नवं खातं, नवी योजना, नवं मंडळ नको. पुणे-मुंबईसारख्या महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतोच. तो दरवर्षी नवा करायचा असतो आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. काढतात थोडेच, आपल्या इमारतीत विचारून बघा. हाच परवाना जरा गंभीरपणे घेतला तर बरंच काही होईल. कुत्रं विकत घेतलेलं असो वा दत्तक, कातडीखाली चिप आणि तिच्यावर मालकाचं नाव. इंग्लंडमध्ये २०१६ पासून ही सक्ती आहे, आणि आपल्याही २०१७ च्या नियमांत पैदासकारांना ती लागू आहे. ती खरेदीदारापर्यंत आणायची. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला परवाना नाममात्र पैशात, न झालेल्याला कित्येक पट महाग. मालक बदलला तर नाव बदलून घ्यायचं, जसं दुचाकी विकताना आरटीओत घेतो. ज्याला खरंच सांभाळणं अशक्य झालंय त्याला लाज न वाटता कुत्रं आणून देता येईल अशी जागा महापालिकेनं ठेवायची, आणि निवाऱ्यातला महिन्याचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. आणि घाटात सापडलेल्या कुत्र्याच्या मानेवर यंत्र फिरवल्यावर ज्याचं नाव निघेल, त्याच्याकडून ५० रुपये नव्हे, तर त्या कुत्र्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च वसूल करायचा.

मार्चअखेर ज्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, त्या घरी एप्रिलमध्ये महापालिकेतून एक फोन जावा. ‘तुमचं कुत्रं कुठं आहे?’ एवढंच विचारावं. ‘शेतावर दिलं’ असं उत्तर आलं, तर शेताचा गट नंबर लिहून घ्यावा.